तिसरा नमुना

ता. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भिंगरीच्या डोळ्यांखाली पुन्हा सूज आली आहे. आरशात बघून विचारते, मी बेडूक झाले का म्हणून. मूत्रपिंडातून प्रथिनं गळतच आहेत, तेव्हा आठ तारखेपासून स्टेरॉईडचा डोस वाढवू, असं डॉक्टर म्हणाले. पण तिच्या पोटात कळा येतात, खोकलाही हटत नाही. शिवाय मांडीवर एक लाल रेघ उठते. सकाळी एका जागी, दुपारी वर सरकलेली. आमच्या रोपवाटिकेत दिवसभर मातीत अनवाणी असते, काही चावलं असेल. तुझ्या प्रयोगशाळेत असलं काही बघितलंयस का?

लोभ आहेच, तो पोरीवर थोडा जास्त असू दे.
तुझी धाकटी

ता. ६

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर तू रडण्यात निम्मं ऐकलंच नाहीस, म्हणून लिहून पाठवते. हा कागद डॉक्टरांना दाखव. मातीतली एक सुतासारखी अळी पायाच्या कातडीतून आत शिरते. धडधाकट माणसात वर्षानुवर्षं गुपचूप राहते. पण स्टेरॉईडने प्रतिकारशक्ती दबली की आतल्या आत वाढते, फुफ्फुसापर्यंत पोचते, जिवावर बेतते. डोस वाढवण्याआधी शौचाची तपासणी हवी. एकदा नाही, तीन वेगळ्या दिवशी, ताजे नमुने. चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस.

तुमच्या सगळ्यांच्या काळजीत,
ताई

ता. ९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिले दोन्ही नमुने स्वच्छ आले. तुझा कागद वाचून डॉक्टर थांबले खरे, पण तेरा तारखेपलीकडे थांबणार नाहीत. सूज पोटावर उतरली आहे. हे म्हणतात, ताईंना सूक्ष्मदर्शकाची सवय, त्यांना सगळीकडे किडेच दिसणार. खोटं कशाला बोलू, मीही मान डोलावली. नमुन्याची डबी दिसली की पोर दाराआड लपते. पुरे करू का गं?

रागावू नकोस, एवढंच मागते.
धाकटी

ता. ११

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पुरे करू नकोस. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. डबी भर, तासाभरात पोचव.

ताई

ता. २४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिसऱ्या नमुन्यात अळी सापडली, जिवंत, वळवळणारी. डॉक्टरांनी स्वतः फोन केला. आधी अळीवरचं औषध दिलं, नमुने पुन्हा तपासले, मग डोस वाढवला. खोकला थांबला, सूज ओसरते आहे. स्टेरॉईड चालू असलेल्या आणखी दोन मुलांचीही तपासणी त्यांनी सांगितली आहे. यांना तुला तोंड दाखवायची लाज वाटते. मला तर माझ्याच मातीची भीती बसली. पण दोन नमुने स्वच्छ असताना तू इतकी अडून कशी राहिलीस?

तुझ्या मायेत कायम राहू दे आम्हाला.
धाकटी

ता. २७

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मातीला दोष देऊ नकोस, पोरीला चपला दे.

विचारलंस म्हणून सांगते. पंधरा वर्षांपूर्वी असंच एक लेकरू होतं, हाच आजार, याच गोळ्या. एकच नमुना आला. मी नीट पाहिला आणि 'काही आढळले नाही' असं लिहून सही केली. दुसरा मागायचं मला सुचलं नाही. डोस वाढवल्यावर तेराव्या दिवशी ते गेलं. कुणीही मला बोल लावला नाही. त्याची आई अजून बाजारात भेटते, हात धरून माझीच चौकशी करते.

भिंगरीचे गाल माझ्यासाठी ओढ.
ताई