दारूबंदीच्या जिल्ह्यात लाल डोळा

आदरणीय जयवंता आत्याबाईस,

पवनारहून तुझ्या भाच्याचा, म्हणजे अश्वजितचा (कॉलेज अर्ध्यात सोडलं तोच), सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? माझाही दुखत होता, म्हणून विचारलं. तूर झोडून झाली का? चष्म्याची काडी बसवून घेतली का?

फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तू तो ओट्यावर बसून घेतेस. तुला सांगितलेली गोष्ट अल्लीपूरच्या बसथांब्यावर तुझ्याआधी पोचते. म्हणून हे पत्र तुझ्या पोराच्या, अनुपच्या हाती पाठवतो आहे. पाकीट डिंकानं नीट चिकटवलं आहे. आणि हे सगळं मी शांतपणे लिहितो आहे, हे ध्यानात घे. चिडू नको असं डॉक्टरांनी बजावलं आहे, त्यामुळे आज सकाळपासून मी कोणावर चिडलो नाही (दूधवाला सोडून, पण त्याची चूकच होती).

पिपरी मेघेला दीपमालाला पाहायला गेलो होतो, त्याचं काय झालं ते तुला तिच्या आईच्या, कांताबाईंच्या तोंडून कळलंच असेल. (पाहायला म्हणजे रीतीनं पाहायला. तशी ती शिवणक्लास घ्यायला पवनारला येते आणि बस येण्याच्या वेळेला मला थांब्यावर नेहमीच काहीतरी काम निघतं.) त्या दिवशी सकाळी उठलो तर डावा डोळा टमाट्यासारखा लाल. उजेड तर सुईसारखा टोचे. मग काळा गॉगल लावून गेलो आणि घरात गेल्यावरही काढला नाही. होणारी सासू कोण, तर वस्तीतल्या महिला मंडळाची अध्यक्ष, जिनं गावठी दारूच्या कॅना नालीत ओतल्या ती! आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, घरपोच मिळते, हे त्या बाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांनी गॉगल काढायला लावला. डोळा पाहिला. आणि स्वतःची खुर्ची मागे सरकवली.

पुढचं सगळं त्याच वाटेनं गेलं. समोर झणझणीत रश्श्याचे तर्रीपोहे आले. माझं तोंड आतून फोडांनी भरलेलं, एक घास घेतला आणि डोळ्यातून पाणी. पोहे तसेच राहिले. (पिणाऱ्याला अन्न जात नाही.) बसताना पँट वर सरकली आणि नडगीवरच्या लाल-निळ्या गाठी दिसल्या. (नालीत पडल्याच्या खुणा.) तेवढ्यात पोटात कळ आली. आता मुलीकडच्यांना पहिल्याच दिवशी संडास कुठे आहे असं कोणत्या तोंडानं विचारू? फोन आला असं सांगून उठलो, तर गुडघा सुजलेला, तोल जाऊन दाराला धडकलो. शेजाऱ्यांच्या संडासात बराच वेळ गेला. इकडे माझा फोन टेबलावरच राहिला होता आणि त्यावर नेमका तुझाच फोन आला, आत्याबाई! "पोरीनं पसंत केलं का रे?" एवढं विचारायची तुला काय घाई होती?

परत आलो तर कांताबाई म्हणाल्या, "अजून थोडी मारून आला वाटते." त्यांनी जवळ येऊन वासही घेतला. वास येईना. "मुरलेला आहे," म्हणाल्या. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी पेलो नाई, पेलो नाई, असं मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचे गोळा झाले. (नंतर लक्षात आलं, पिलेली सगळी माणसं हेच ओरडतात.)

दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी डोळा पाहिला आणि विचारलं, पोट कसं आहे? मी चिडलो. डोळा दाखवायला आलेल्या माणसाला पोट काऊन विचारता? त्या शांतपणे गुडघ्याचं, नडगीचं, तोंडाचं विचारत गेल्या आणि फिरून पुन्हा पोटावर आल्या. मग पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर आतड्याला सूज आणि जखमा. त्यांनी समजावलं ते असं, की आपल्या शरीरात राखणीला ठेवलेलं जे सैन्य असतं ते बिघडतं आणि आपल्याच घरावर चालून जातं. आतड्यात धिंगाणा घालतं, तिथं भागलं नाही तर डोळा, सांधे, कातडी, तोंड, जिथं वाटेल तिथं जातं. रक्त कमी होतं, म्हणून थकवा. डोळ्याला उशीर केला असता तर नजरेवर बेतलं असतं.

आत्याबाई, मी तर या सगळ्याला प्रेम समजत होतो! भूक नाही, वजन उतरलेलं, जिना चढताना धाप, बस दिसली की पोटात गोळा. यातलं प्रेम किती आणि आतडं किती, असं डॉक्टरांना विचारलं. अशी तपासणी अजून निघाली नाही, म्हणाले. आणि कॉलेज मी सरांशी भांडून सोडलं असं तू सांगत फिरतेस ते खरंच आहे, पण भांडण कशाचं होतं? ते मला तासाला पुन्हा बाहेर जाऊ देत नव्हते आणि मला थांबणं शक्य नव्हतं. कारण सांगण्यापेक्षा भांडण सोपं वाटलं.

आता डोळा निवळला आहे, गुडघाही. औषध मात्र बरं वाटलं तरी सोडायचं नाही. पण दीपमालाला हिंगणघाटचं दुसरं स्थळ आलं आहे आणि कांताबाई रविवारी त्यांना शब्द देणार आहेत. तर तू एवढंच कर. त्यांना जाऊन सांग की पोराच्या डोळ्यात तुरीचा भुसा गेला होता. पोटाचा शब्द काढू नको. कोणाजवळच नको.

तुझा शांत भाचा,
अश्वजित

ता. क. अनुप, पाकीट तू फोडलं असशील आणि चष्म्यावाचून आत्याबाईला तूच वाचून दाखवून राह्यला असशील, हे मले माहीत आहे. संडासाचा भाग गाळजो.

ता. क. पाकीट मीच पुन्हा उघडलं, म्हणून डिंक दोनदा दिसेल. आत्ता बसथांब्यावर दीपमाला भेटली. त्या दिवशी मला शेजाऱ्यांच्या कोणत्या दारात शिरताना पाहिलं ते तिनं सांगितलं, आणि मला धाम नदीत उडी घ्यावीशी वाटली. ती म्हणाली, "आईले दारूचा राग आहे, पोटाचा नाई. पण दारूवाले जसे लपवतेत तसाच तूही लपवून राह्यला, मंग तिनं काय समजावं? खरं सांग, मंग मी बोलतो आईशी." तर आत्याबाई, भुश्याचं राहू दे. ओट्यावर बस, कांताबाईले फोन लाव, स्पीकर चालू ठेवजो, आवाज मोठा. गाव ऐकते तर ऐकू दे.

ता. क. अनुप, संडासाचा भाग गाळू नको. तोच आधी वाच.