भीमपलास उतरताना

प्रिय रत्ना,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून हसशील. फोन केला असता तर बोलण्याआधीच रडले असते, म्हणून कागद घेतला. विपुल वळ गावातल्या गोडाऊनवर कामाला गेलाय, सासूबाई बाजारात. घरात कुणी नाही तोवर लिहून टाकते. माझ्या डोक्यात गाठ निघाली आहे. उजवीकडे, कानाच्या वर, सुपारीएवढी. येत्या गुरुवारी ठाण्याला ऑपरेशन आहे. मी इतकी घाबरले आहे की अंघोळीला गेले तरी दाराची कडी लावत नाही.

पत्ता कसा लागला ते ऐक. डोकं दुखलं नाही, चक्कर आली नाही. माझ्या गाण्याच्या क्लासच्या मुलींना घरी सराव करता यावा म्हणून भीमपलासचा आरोह-अवरोह फोनवर गाऊन ठेवला होता. तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता सहज लावला. चढताना सगळं ठीक, रे आणि ध सोडून वर गेले होते. उतरताना मात्र ते दोन्ही यायला हवेत ना? मी ते गाळूनच खाली आले होते. दमले असेन म्हणून पुन्हा गायले, पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच. आणि रत्ना, गाताना मला ते दोन्ही सूर लागलेले ऐकू येत होते. अगदी स्वच्छ. भाकरी तव्यावर करपली, आणि मी फोन हातात धरून तशीच उभी.

विपुलला सांगितलं तर तो हसला. त्याला लग्नातल्या हळदीला वाजणारा बेंजो सोडला तर सगळं गाणं सारखंच. कानाच्या डॉक्टरांनी कान उत्तम आहेत म्हणून कौतुक केलं, पण माझा हट्ट पाहून एमआरआयला पाठवलं. रिपोर्ट आल्यापासून विपुल हसत नाही. सारखा म्हणतो, “काय न्हाय होनार गो तुला, मी हाय ना.” आणि गाडीत जाऊन एकटाच बसतो.

केसरीनाथ गुरुजींच्या क्लासची आठवण येते. खाली पॉवरलूमची खटखट, वर आपण दोघी तंबोऱ्याला कान लावून बसलेल्या. मी अंजूरहून यायचे, तू राहनाळला रिक्षात चढायचीस, आणि तिथून भिवंडीपर्यंत आपण सुरांचे पलटे घोकायचो. गुरुजी म्हणायचे, जाताना रे आणि ध यांच्या दारावरून पुढे जा, येताना मात्र दोघांकडे डोकावून या, नाहीतर ते रुसतील. मी घाईत एखादा सूर खाल्ला की त्यांच्याआधी तूच मला थांबवायचीस. तेव्हा मला तुझा भयंकर राग यायचा. तू शिकवतेस त्या नाशिकच्या शाळेतली पोरंही तुला नावं ठेवत असतील.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. ऑपरेशन करताना डॉक्टर मला जागं ठेवणार आहेत. कवटी उघडी, आणि मी गात राहायचं. गाणं बिघडलं की त्यांना कळणार, की इथे हात लावायचा नाही. डॉक्टर भला माणूस आहे, पण त्याला रागातलं काही कळत नाही. तो म्हणाला, तुम्ही गात राहा म्हणजे झालं. मी न अडखळता सूर गाळून उतरले, तर तो खूश होऊन पुढे कापत जाईल. मी त्याला म्हटलं, ऐकायला माझं माणूस हवं. तो हो म्हणाला. गुरुजी असते तर त्यांना नेलं असतं. तू येशील का? तुला रक्त बघवत नाही हे माहीत आहे. मध्ये पडदा असतो, तुला फक्त माझा चेहरा दिसेल. हॉस्पिटलात दाखवायला आधार कार्ड आण, बुधवारी आमच्याकडेच उतर. आणि रत्ना, तिथे माझी कीव करू नकोस. काही गळलं की त्याच क्षणी मोठ्यांदा सांग. भिडेखातर तू गप्प राहिलीस, तर मी छान गायले म्हणून हसतच बाहेर येईन, आणि काय गेलं ते मला कधी कळणारसुद्धा नाही.

तुझीच,
क्षितिजा