कार्डावरची म्हैस

११ जानेवारी
रूपालीचा पुण्याहून फोन. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे, दिव्याला घेऊन येतेय. मी सांगून टाकलं, नातीला आपली म्हैस दाखवणार. रूपाली शाळेत असताना आम्ही बापलेकीनं मिळून केलेला कॉम्प्युटरवरचा गेम. म्हैस वैरण खाते, आपण हाकलायची. बघू या की, म्हणाली. आवाज भरून आलता पोरीचा.

अडचण एकच. कॉम्प्युटर जुना, टीव्हीला जोडायचा. बंद केला की सगळं विसरतो. दरवेळी कॅसेट वाजवून म्हैस आत घालावी लागते आणि कॅसेटला बुरशी. आज पाचव्यांदा कशीबशी आली. ठरलं: कॅसेट बंद. मागच्या बाजूला स्वस्तातलं मेमरी कार्ड बसवायचं. परवा दुपारपर्यंत काम फत्ते.

१५ जानेवारी
कार्ड लावायची पट्टी पार्सलनं आली. बसवली. टीव्ही काळा. कार्ड चौसष्ट जीबीचं आणि मशीनची मेमरी चिमूटभर. गोगलगायीच्या पाठीवर उसाची ट्रॉली. यात माझा दोष न्हाय. बायको, जया, म्हणाली, पोरीसाठी कॅरम काढून ठेवा. तिला यातलं कळत न्हाय.

१७ जानेवारी
निपाणीत बारकं कार्ड मिळेना, म्हणून बेळगाव गाठलं. खडेबाजारात महादेव मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्या डब्यात घावलं. म्हशीच्या कॅसेटचा आवाज मोबाइलमध्ये भरून नेलाच होता. तिथंच बाकड्यावर बसून कार्डावर हलवला. मोबाइलमधून गेला. म्हणजे कार्डावर आलाच. दुकानात गर्दी लई. कार्ड त्याच्याकडंच ठेवलं, नीट उतरलंय का बघून फोन कर म्हटलं, कानडीत.

जया म्हणते, त्याच्याशी मराठीत बोलायचं, त्याला येतंय की. हिचं माहेर चिकोडीकडचं, त्यामुळं हिला वाटतं कानडी हिच्या एकटीची. तंबाखूच्या वखारीत हयात गेली माझी, कानडी व्यापाऱ्यांत.

१८ जानेवारी, सकाळ
महादेवचा फोन. म्हणाला, बरी कार्ड ऐत्री. कार्ड बरं आहे! 'बरं'चं 'बरी' केलं त्यानं, पण कानडी माणसानं मराठी बोलायचा प्रयत्न केला हेच लई झालं. पुढंही काय काय सांगत होता. आभार मानून ठेवला.

दुपार
शेजारचा मष्णू आलता. शाळूवर पाखरं पडल्यात. कॅसेटची फीत ताणून बांधली की वाऱ्यावर गुणगुणते, पाखरं बसत न्हाईत. सगळ्या कॅसेटी दिल्या, म्हशीची पण. मोकळं वाटलं.

२१ जानेवारी
कार्ड आणलं. बसवलं. काय न्हाय. काढून घातलं, पुसून घातलं, नमस्कार करून घातलं. न्हाय.

जयानं विचारलं, महादेव नेमकं काय म्हणालता. सांगितलं. हसत सुटली. मग कॅसेटी कुठायत विचारलं, आणि हसायची थांबली. कानडीत बरी म्हणजे नुसतं, रिकामं.

मला हे माहीत होतं. फोनला रेंज नव्हती.

२२ जानेवारी, मष्णूचं रान
फीत बाभळीपासून विहिरीपर्यंत. मष्णू म्हणाला, आप्पा, काढणी होऊ द्या, मग न्या की. पाय धरतो म्हटलं. म्हणाला, पाखरांचे धरा.

पेन्सिलीवर गुंडाळतोय. म्हैस कुठली, जयाची भजनं कुठली, कळायला मार्ग न्हाय. सगळी फीत एकसारखी तपकिरी.

२३ जानेवारी
तुकडे चिकटवून वाजवली. कॉम्प्युटरनं अर्धी म्हैस घेतली आणि मान टाकली. परत. परत. पोर एवढ्या आशेनं येणार, तिला काय तोंड दाखवू? जेवलो न्हाय. जयानं ताट झाकून ठेवलंय आणि टोमणा मारला न्हाय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

२४ जानेवारी
आल्या दोघी. चहाच्या आधीच सांगून टाकलं, म्हैस गेली गं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रूपालीनं कप खाली ठेवला. कुठली म्हैस, म्हणाली. मग म्हणाली, आप्पा, त्या कॉम्प्युटरला तुम्ही मला कधी हात तरी लावू दिलता का?

लहान होती तेव्हा. विसरली असेल.

उद्यापासून नवीन म्हैस लिहायला घेतो. दिव्याला शेजारी बसवायचं, दोघांनी मिळून करायची. लांबनं बघू दे, मशीन नाजूक आहे.