सोनडोक्यांचं झाड

कोल्का, ४ सप्टेंबर १९९६

प्रिय एल्मारदादास, सा. न.

झेंतावहिनी गेल्यापासून तू गावाकडे फिरकला नाहीस. रीगात चौथ्या मजल्याच्या खिडकीतून कबुतरं बघत बसतोस म्हणे! शेजारची वेल्ता विचारत होती, की तुझा भाऊ पक्षी बघतो की आता पक्षीच त्याला बघतात.

पाइनच्या रानात अळंबी उगवली आहेत. बाबा अळंबीच्या टोपलीत दुर्बीण लपवून आपल्याला न्यायचे, आठवतं? तेव्हा किनारा म्हणजे सरहद्द, सोव्हिएत सैनिक रोज संध्याकाळी तिथली वाळू दाताळ्याने सारखी करून ठेवायचे. पाऊल उमटलेलं दिसलं की चौकशी. म्हणून आपण तिघं झाडांच्या आडूनच समुद्रावरचे थवे बघायचो. आता वाळू मोकळी आहे, तर तुझाच पत्ता नाही. ऑक्टोबरात ये. नाही म्हणायचं नाही.

तुझी वाट बघणारी,
आउस्मा

रीगा, १२ सप्टेंबर

चि. आउस्मास अनेक आशीर्वाद.

येतो. वेल्ताला म्हणावं, तुझी जीभ अजून तशीच आहे हे वाचून बरं वाटलं. खरं सांगू, भीती वाटते. रानातल्या त्या वाटेवर झेंता माझ्या पुढे चालायची आणि सारखी बोलायची. मी तिला किती वेळा गप्प केलं असेल! आता कोणाला गप्प करू?

तुझा दादा

रीगा, १५ ऑक्टोबर

चि. आउस्मास आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेले धुरावलेले मासे दोन दिवसांतच संपवले. झेंताबद्दल त्या वाटेवर तुझ्याशी बोललो, तेवढं आजवर कोणाशीच बोललो नव्हतो.

पण एक विचारायचंय. किनाऱ्यालगतच्या पाइनवर सोनडोक्या पाखरांचा थवा उतरला, तेव्हा हे एवढे गप्प का, असं मी विचारलं. खाडी ओलांडून आलेत, दमलेत, असं तू म्हणालीस. मी मान डोलावली. मग दुर्बिणीत एक अगदी जवळ आला. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर ती पिवळी रेघ. चोच उघडत होता, मिटत होता, गळा थरथरत होता. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी तसाच पुढे वाळूवर उतरलो.

काल कानाच्या डॉक्टरकडे गेलो. यंत्राने माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल, पण इतके बारीक आवाज आता परत यायचे नाहीत, असं म्हणाला. तुला ऐकू येत होते ना? तुझ्यावर रागावलो नाही. फक्त माझ्यापासून लपवू नकोस.

तुझा दादा

कोल्का, २१ ऑक्टोबर

प्रिय दादास, सा. न.

अख्खं झाड चिवचिवत होतं आणि तू म्हणालास, गप्प आहेत. माझ्या तोंडून खोटं कधी निघून गेलं, कळलंच नाही. घरी आल्यावर चुलीपाशी रडले. तुला वाटलं, डोळ्यांत धूर गेला.

आता खोटं बोलणार नाही. पुढच्या वर्षी ये. त्या झाडाखाली तुझा हात धरीन. सोनडोक्या गातोय तोवर दाबून ठेवीन, थांबला की सैल सोडीन. फार वेळ गातात मेले. बोटं दुखली तर कुरकुर करायची नाही.

माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी
आउस्मा