न चाखता पाठवलेले आंबे

२ मे
अस्मे, डोकं कुटं ठेवून गेलीस गं? खाल्लेलं लिहायला वही दिलीस, पेन दिलंस, आणि आजीला अक्षर येत न्हाई हेच विसरून नाशिकला निघून गेलीस. वरच्या खोलीतली भाडेकरीण मेघना हापिसातून आली की लिहिती. पानाचा फोटू तुला पाठवती म्हणे.
आज भाकरी, दोडका. अंगावर काही उठलं न्हाई.

४ मे
डॉक्टरीणबाईंचा कागद मेघनानं परत वाचला. हिस्टामिन का काय ते माझ्या अंगात जिरत न्हाई. शिळं, आंबवलेलं बंद. कोयीची फळं महिनाभर बंद, मग एकेक ताजी फोड खाऊन बघायची. आंबा न्हाई, जांभूळ न्हाई. म्हंजे उन्हाळाच बंद की.

७ मे
आढी उघडली. घरभर वास. परसात दोन झाडं, तुझ्या आजोबांनी लावलेली. एक गोड, एक आंबट. औंदा मीच घाईत दोन्हीचे आंबे एका पेंढ्यात घातले. सालीवरून कळत न्हाई. दरसाली चाखल्याबिगर पेटी कुणाकडं गेली न्हाई.
मेघनाला चाखायला बसवलं. प्रत्येकाला "छान आहे, आजी." अमरावतीची पोर, लई गुणी, पण जिभेला धार न्हाई.

८ मे
आज काही खाल्लं न्हाई, असं लिही.
(असं लिहिणार नाही. मानेवर गांधी उठल्यात, नाक वाहतंय, पदराला रस लागलाय. – मेघना)
बरं, लिही. एक चोखला. आंबटच निघाला. मार खाल्ला तो पण आंबटापायी.

१० मे
गांधी उतरल्या. मेघना कालपास्नं फुगून बसलेली. "अस्मिताला काय सांगू मी आता?" म्हटलं, खरं सांग, पण आंबट होता हे आधी सांग. मग हसली.
तू माझ्या मांडीवर बसून कोय चोखायचीस. कोपरापर्यंत रस, वर माझ्याच लुगड्याला पुसायचीस. आज उगंच आठवलं... ऱ्हाऊ दे, हे लिहू नको.

१२ मे
पेटी भरली. न चाखता. जन्मात पहिल्यांदा. दोरी मेघनानं बांधली, मला गाठ मारवंना.
पोचली की फोन कर. गोड निघाले तर तू खा, हात धुवायची घाई करू नको. आंबट निघाले तर माघारी पाठव. आणि लगोलग पाठव, शिळं मला चालत न्हाई.