काठ जागेवर आला, अक्का!

प्रिय अक्का,

आज तुला लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. काठ जमला! तुझ्या त्या विणायच्या मशीनवर, पहिल्या टाक्यापासून सरळ, नेटका, उलट-सुलट पट्ट्यांचा काठ जमला. लालबागच्या आपल्या चाळीत घरोघरी सांगून झालं. ज्या थोरल्या जावेला सगळ्यांत आधी सांगायचं, तीच नाही.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तू मला दटावलं होतंस, "अहो-जाहो नको करू गं, मी काय सासू आहे?" म्हणून आजही 'तू'च म्हणते. भांडायलाही तेच बरं. आणि मला भांडायचंच आहे. तू म्हणायचीस, "दोन गोष्टी झाल्याबिगर मी मरत नाय. एक, मुंबई महाराष्ट्रात. दोन, या मशीनवर सरळ काठ." मग गेल्या गणपतीनंतर काविळीचं निमित्त करून निघून कशी गेलीस? दोन्हींतलं एकही झालं नव्हतं!

मशीन आणलंस तो दिवस आठवतो? खोताच्या वाडीतल्या तुझ्या ओळखीच्या बाई मुलाकडे राहायला निघाल्या आणि जाताना ते तुला देऊन गेल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यामुळे ट्रामा बंद. तू हातगाडीवर मशीन चढवलंस आणि भर उन्हात चालत निघालीस. समोरासमोर सुयांच्या दोन रांगा बघून, काही हत्यार असेल म्हणून हवालदाराने गाडी अडवली. "टोपडी विणायचं हाय साहेब," तू म्हणालीस, "सरकार पाडायला मोर्च्यात येते, तेव्हा पकडा!" तो बिचारा हसतच बाजूला झाला.

मशीन आपल्या एका खोलीत आलं आणि सासूबाईंची ट्रंक बाहेर गॅलरीत गेली. ते त्यांनी आपल्याला कधी विसरू दिलं का?

काठ मात्र दर वेळी झालरीसारखा पसरायचा. आपण दोघी हातातल्या सुयांवर शिकलेल्या. पहिले टाके सैल घाल, नाहीतर काठ आवळतो, हे आपल्या बोटांत मुरलेलं. म्हणून मशीनची टाक्याची चकतीही आपण सैलाकडेच फिरवायचो. बिघडलं की तू आणखी सैल करायचीस! मी चिडले की म्हणायचीस, "शालू, राग गिळ. हात हलका ठेव."

अक्का, तुझ्या सुमनला मुलगी झाली! आजी झालीस तू. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे आता मीच. बारशाला बाळाच्या डोक्यावर या मशीनवरचंच टोपडं घालायचं, ही तुझी हौस. मी सासूबाईंना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बारश्यापर्यंत जमला तर ठीक. नायतर ह्या लोखंड भंगारवाल्याक दिऊन टाका. माजी ट्रंक भायर गंजता."

मी रोज बसत होते. रोज झालर! बारशाच्या आदल्या दुपारी शेवटची लोकर उसवून पुन्हा गुंडाळत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ती गेली. आता तू तरी नाद सोड गे."

माझं डोकंच फिरलं. चकती धरली आणि घट्टच्या टोकाला पार अडेपर्यंत फिरवली. होऊ दे एकदाचं वाटोळं! पहिली ओळ खरखरत गेली. टाके खाली ओढून धरायला त्यांत कंगवा अडकवला, त्याला वजनं टांगली. मग राग ओसरला, मशीनचीच कीव आली, म्हणून चकती परत सैल केली आणि पुढे विणत गेले. विणकाम वीतभर खाली उतरलं तेव्हा बघते तर काय! काठ सरळ. एक टाका इकडेतिकडे नाही. पहिली ओळ तेवढी घट्ट हवी होती गं, बाकी सगळं सैल! तुझं ऐकून राग गिळला असता तर आजही झालरच निघाली असती.

आज बारशाला सगळ्या बायकांसमोर सासूबाईंनी टोपड्यात दोन्ही अंगठे घातले आणि काठ जीव खाऊन ताणला. त्यांनी सोडला आणि काठ झटकन जागेवर आला. त्यांनी पुन्हा ताणला. पुन्हा आला!

"एवढ्या उन्हाळ्यात लोकरीचं?" शेजारची म्हणाली.

"कानात वारो जाता, तुका काय कळता?" सासूबाईंनी तिला गप्प केलं आणि टोपडं स्वतःच्या हाताने बाळाला घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शालू, माजी ट्रंक भायरच ऱ्हवांदे." आणि पदराने डोळे पुसले. मी तर भोकाड पसरून रडले, आणि हसलेही!

मुंबईसकट महाराष्ट्र राज्य होऊन अजून महिना व्हायचाय. खाली पोरं अजून घोषणा देतायत, आणि वर पाळण्यात तुझी नात लाल टोपडं घालून झोपलीय. तुझ्या दोन्ही गोष्टी झाल्या, अक्का. इतके दिवस मी मानत नव्हते. आता तू गेलीस असं मानते.

या चाळीतल्या पाळण्यात एकही टोपडं सैल काठाचं दिसणार नाही, हे माझं तुला वचन. राग गिळायचं वचन मात्र मागू नकोस.

तुझीच तापट जाऊ,
शालू