बालबेकचे सहा खांब

३ ऑक्टोबर १९६४
निश्चय: बायकोला, मुमताजला, दाभोळहून कुवेतला आणायचंच. व्हिसाच्या कागदावर मुदीरसाहेबांची, म्हणजे आमच्या मॅनेजरची, सही हवी, बस्स. यूसुफ (माझा खोलीतला जोडीदार, आमच्याच ऑफिसात टायपिस्ट) म्हणतो, सरळ जाऊन माग. अडाणी! साहेब बैरूतचे, रोमन अवशेषांच्या पोस्टाच्या तिकिटांचे शौकीन. आधी अल्बम भेट द्यायचा, मग सही. मुमताजला लिहून टाकलं, पेटी भर.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
ऑफिसचं टपाल मीच उघडतो. बैरूतच्या पाकिटांवरून बालबेकच्या देवळाची तिकिटं कापून घेतली. पाकिटं काय, फेकायचीच. सहा खांब, वर छप्पर नाही. रोमनांचं बजेट मध्येच आटपलं असावं.

२५ ऑक्टोबर
जॉर्डनचं जेराश मिळालं. तिथेही छप्पर नाही. साहेबांनी विचारलं, पाकिटांचे कोपरे कुठे जातात. म्हटलं, उंदीर. साहेबांनी लगेच सापळा मागवला. काळजीवाहू माणूस.

६ नोव्हेंबर
तिकिटं चिकटवली. बाजारचा गोंद कुचकामी. अम्मीसारखी पेजेची खळ केली. दाभोळात आमची शाळेची पुस्तकं हिनेच चिकटायची, जन्मात सुटायची नाहीत. यूसुफ म्हणाला, तिकिटं कागदाच्या चिमुकल्या पट्टीवर टांगतात म्हणे. टांगायला ते काय धुतलेले कपडे आहेत?

१४ नोव्हेंबर
यूसुफने त्याच्या बायकोच्या कागदावर सही मागितली. साहेबांनी कॉफी पिता पिता केली, मान वर न करता. असली सही काय कामाची! माझ्यासाठी विचारू का म्हणाला. नको म्हटलं. आमची पद्धत वेगळी.

२ डिसेंबर
अल्बम दिला. साहेब भारावले, चेहरा लालबुंद. एक तिकीट नखाने उचलून पाहिलं. खांब फाटले, पण तिकीट सुटलं नाही. खळ ती खळ. मग हळूच म्हणाले, उंदीर सापडला. सहीचा कागद खिशातच ठेवला. वेळ बरी वाटली नाही.

५ डिसेंबर
शहराबाहेर, मीना अब्दुल्ला बंदरावरच्या गोदामावर बदली. विश्वासाचं काम असणार. तिथे टपाल येत नाही.

१५ जानेवारी १९६५, शुक्रवार
यूसुफची बायको शरीफा बोटीने आली. तिची ट्रंक मीच उचलली. भाभी सांगत होती, दाभोळच्या बंदरावर मुमताजही आली होती, भरलेली पेटी घेऊन. तिला वाटलं, दोघींचे कागद एकदमच येतील. बोट सुटेपर्यंत पेटीवरच बसून होती म्हणे.
लाज वाटली.
रात्री भाभीने पेज केली. थोडी उरली. खळीसाठी ठेवू का, असं तिने विचारलं. नको म्हटलं.